इंद्रायणीच्या माथ्यावरचा महसीर

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ लावत नाहीत, कणकेची गोळीही नाही. पिसं आणि रंगीत दोरा आकड्यावर गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखं आमिष बांधतात. त्याला वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन दोरीत असतं आणि काठीच्या झोक्याने ती दोरीच फेकायची असते. हा झोका एकदा हाताला सापडला की सुटत नाही. चैत्र लागला की चाकणच्या कारखान्यांतले माझे मित्र हमखास विचारतात, "ट्राउट कुठे मिळेल?"

त्याचं उत्तर थोडक्यात देतो. ट्राउट हा थंडगार, वाहत्या पाण्यातला मासा आहे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो काश्मीरमध्ये आणि पुढे निलगिरीत आणून रुजवला. आपल्या मावळातलं उन्हाळी पाणी त्याला सोसणार नाही. पण म्हणून काठी माळ्यावर टाकायचं कारण नाही, कारण आपल्याकडे महसीर आहे! बोटभर लांबीचे खवले, निळसर पर आणि गळाला लागताच खडकांकडे घेतलेली मुसंडी! माझ्या मते गळाला लागलेल्या महसीराची ताकद ट्राउटमध्ये नाही.

दख्खनच्या या महसीराला शास्त्रात स्थान मिळालं तेही पुण्यामुळे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली या जातीचं वर्णन छापलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्याचं नाव टॉर खुद्री. पवना दापोडीला मुळेत मिळते, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं पाणी वाहत जातं ते याच माशाच्या शास्त्रीय जन्मगावाकडे.

त्याचा दुसरा जन्म मात्र इंद्रायणीच्या माथ्यावर, लोणावळ्याला झाला. ही गोष्ट लिहिताना मी हात आखडता घेत नाही. धरणांनी वाटा अडवल्या, सुरुंग लावून मासे मारले गेले आणि महसीर आटत चालला. तेव्हा १९७०च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी टाटांच्या वळवण तलावाकाठी कृत्रिम प्रजननाचे प्रयोग केले. पुढे शशांक ओगले यांनी ते काम वाढवलं. पावसाळ्यात तलावात येणाऱ्या प्रवाहाकडे मासे चढू लागतात. तेव्हा पिकलेली मादी धरायची, पोटावरून हळुवार हात फिरवून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचं रेत सोडायचं आणि मगच पाणी घालायचं. फळलेली अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात डोकी खुपसून दाटीने पडून राहतात. मी तिथलं प्रजनन केंद्र पाहायला गेलो तेव्हा त्या ट्रेपासून मला हलवेना. याहून नवल म्हणजे, ही अंडी पाण्याशिवाय, ओल्या कापसात गुंडाळून विमानाने धाडता येतात, हे कुलकर्णी-ओगले जोडीने १९७९ साली दाखवून दिलं.

लोणावळ्याची बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, देशभर गेली. त्यातून एक धडाही मिळाला. कावेरीत हा पाहुणा मासा फोफावला आणि तिथला स्वतःचा, कुबडासारखी पाठ असलेला महसीर मागे पडला. त्याची नोंद आज अतिसंकटग्रस्त जातींत आहे. म्हणूनच ज्या नदीचा मासा त्याच नदीत सोडावा, हे माझं ठाम मत आहे.

चैत्रात पाणी उतरलेलं आणि नितळ असतं, त्यामुळे काठावर उभ्या माणसाची सावलीही माशाला कळते. पवना धरणाच्या वरच्या अंगाला पहाटे जावं आणि काठाने वाकून चालावं. आधी परवानगीची चौकशी करावी, आकडा बिनकाट्याचा वापरावा आणि हात ओला करून मासा लगेच पाण्यात सोडावा. देहूच्या डोहातल्या माशांना हात लावायचा नाही, ही रीत आपल्या लोकांनी फार आधीपासून पाळली आहे. मासा सोडून देणं ही इथे उपरी शिकवण नाही.

खरा प्रश्न खालच्या अंगाचा आहे. मोशी-आळंदीकडे इंद्रायणीवर फेस चढतो, आणि महसीराला प्राणवायूने भरलेलं पाणी व गाळ नसलेला गोट्यांचा तळ हवा. नदी सुधारली की नाही, हे घाटांच्या फरशीवरून ठरवू नये. कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत पडू लागलं आणि पवना-इंद्रायणीत महसीर स्वतःहून वीण घालू लागला, की नदी सुधारली म्हणावं. बोटुकली तयार करायची विद्या तर आपल्याच नदीच्या माथ्यावर सिद्ध झाली आहे.