पांढरे पडलेले सगळेच मेलेले नसते

पोवळे म्हटले की आपल्याला मंगळाच्या अंगठीतला लाल खडा आठवतो. घाटावरच्या आमच्या इस्लामपुरात प्रवाळाची ओळख एवढीच. तो खडा मुख्यतः भूमध्य समुद्रातला. उथळ, उबदार समुद्रात खडक बांधणारे प्रवाळ निराळे. तो दगड नव्हे, ती वसाहत आहे. हजारो चिमुकले जीव एकमेकांना चिकटून राहतात, खाली चुनखडीचा सांगाडा रचतात आणि स्वतः त्यावर पातळ कातडीसारखे पसरतात. रंग बराचसा त्या कातडीत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा. हे भाडेकरू उन्हात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात.

प्रवाळ आजारी पडले की पांढरे दिसते, आणि इथेच पाहणाऱ्याची फसगत होते. पाणी फार तापले तर प्रवाळ आपले शेवाळ बाहेर टाकते. कातडी जागेवर असते, पण काचेसारखी. तिच्यातून पांढरा सांगाडा दिसतो. हे विरंजन. पाणी वेळेत निवले तर रंग परत येऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात कातडीच गळून जाते आणि सांगाडा उघडा पडतो. तेवढा भाग मेला. शेजारची जिवंत कातडी वाढून तो झाकेल तरच आशा. बँकेत आम्ही थकलेले खाते आणि बुडालेले खाते वेगळे धरायचो, तसेच हे.

वाळव्याच्या शेतकऱ्याला हा धडा नवा नाही. ऊस पिवळा पडला की जाणता माणूस आधी पाने बघतो. कोवळ्या पानांवर केवडा आहे का, जमीन क्षारपड आहे का हे पाहतो. शंका आली तर एखादे बेट उपटून मुळाशी हुमणी शोधतो. औषध त्यानंतर.

परदेशात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणारे हौशी लोकही असेच चालतात. कातडी बुडापासून जाते आहे की टोकाकडून? आठवडे लागले की एका रात्रीत साफ झाली? अंधार पडल्यावर विजेरी घेऊन ते कुरतडणारी गोगलगाय किंवा चपटा किडा शोधतात. मग पाणी तपासतात : उष्णता साधारण 25 अंश, मीठ हजारी 35 भाग. पुष्कळदा दोषी निघतो तो पाण्यात एकाएकी झालेला बदल.

समुद्रात हे दुखणे फार मोठे होते. 2014 मध्ये फ्लोरिडात मायामीजवळ कातडी गळण्याचा एक रोग दिसला आणि पुढे कॅरिबियन समुद्रात पसरला. वीसहून अधिक जाती त्याला बळी पडतात. नेमका जंतू अजून शास्त्रज्ञांच्या हाती लागलेला नाही. तोवर पाणबुडे आपल्या ओळखीचे अमॉक्सिसिलिन लेपात कालवून एकेका जखमेवर लावतात.

आपल्याकडे मात्र हा छंद घरी आणू नये. खडक बांधणारी सारी प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. कोणी जिवंत तुकडा विकायला आणला तर सरळ नाही म्हणावे.

आपले प्रवाळ बघायचे तर मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सुटीत घाट उतरून गेलेली आपली मुले तिथे तोंडात नळी धरून पाण्याखाली बघतात. त्या टाकीचे पाणी कोणालाच बदलता येत नाही आणि तापता समुद्र आपल्या हातात नाही. पण प्रवाळावर उभे न राहणे, तुकडा न मोडणे, नावाड्याला नांगर वाळूत टाकायला सांगणे हातात आहे. पायाने खरवडलेली कातडी म्हणजे उघडी जखम, आणि रोगाला तेवढी वाट पुरते.

पांढरे प्रवाळ दिसले तर मुलांना हात लावू देऊ नये. नीट बघायला मात्र सांगावे. वरची पातळ कातडी अजून शाबूत असेल तर ते प्रवाळ जिवंत आहे आणि पाणी निवण्याची वाट पाहते आहे.