गाडी घेताना (भाग 6) : चौथ्या वर्षाचे पैसे आजच?

दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून नाशिककर आठवडाभर आधीच शोरूम गाठतात. कोटेशनचा कागद पुढे येतो. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, फास्टॅग, आणि त्याच रांगेत, न विचारता भरलेली एक ओळ : एक्सटेंडेड वॉरंटी. डिलिव्हरीच्या आनंदात त्या ओळीवर घासाघीस करतो कोण?

घाई मात्र अजिबात नसते. मूळ वॉरंटी आता बऱ्याच गाड्यांना तीन वर्षांची मिळते. मारुती सुझुकीने जुलै 2024 मध्ये आपली दोन वर्षं किंवा 40 हजार किलोमीटरची मर्यादा तीन वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरवर नेली. म्हणजे वाढीव वॉरंटी कामाला येणार चौथ्या वर्षी. मूळ मुदत संपण्याआधी ती सहसा नंतरही घेता येते. फक्त उशीर होईल तसा दर चढतो. कर्जात घातली, तर व्याज पहिल्या हप्त्यापासून.

खरा हिशेब किलोमीटरचा. गंगापूर रोडवरून सातपूरला कामावर जाणाऱ्याची गाडी रोज वीसेक किलोमीटर धावते, वर्षाला सहा-सात हजार. याउलट एखाद्या व्यापाऱ्याच्या आठवड्याला मुंबईच्या दोन फेऱ्या ठरलेल्या. जाऊन-येऊन साडेतीनशे धरले, तरी वर्षाला 35 हजार. त्याची मूळ वॉरंटी तीन वर्षांच्या आतच आटोपते. त्याने सहा वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरचं पॅकेज घेतलं, तर तेही साडेचार वर्षांत संपेल. पैसे जादा तीन वर्षांचे, संरक्षण जेमतेम पावणेदोन वर्षांचं!

गाडी कोणती, यावरही बरंच ठरतं. महिंद्राच्या नाशिक कारखान्यातून बोलेरो बाहेर पडते आणि एक्सयूव्ही 3एक्सओही. बोलेरोची बनावट तुलनेने साधी. गावोगावच्या मेकॅनिकचा तिच्यावर हात बसलेला. 3एक्सओच्या वरच्या मॉडेलांत टर्बो इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मोठा टचस्क्रीन, कॅमेरा आणि रडार. यातला एखादा भाग मुदतीनंतर गेला, तर बिल हजारांत थांबेलच असं नाही. अशी गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल तर वाढीव वॉरंटी घ्यावी. तीन-चार वर्षांत विकणाऱ्या, साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी शहरातच फिरवणाऱ्याने ती सोडली तरी चालेल.

तिच्याकडून भलत्या अपेक्षाही नकोत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर हे झिजणारे भाग. ते सहसा यात बसत नाहीत. उंदराने वायरिंग कुरतडलं, बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि त्यातून बिघाड झाला, सर्व्हिस चुकवली, की क्लेम अडतो. ऑगस्ट 2019 सारखा गोदावरीला पूर आला आणि इंजिनात पाणी शिरलं, तर वॉरंटी हात वर करते. तो विषय विम्याचा, आणि तिथेही इंजिन प्रोटेक्शनचं जादा कवच घेतलेलं असावं लागतं.

आणखी एक गोम आहे. कागद नेमका कोणाचा? गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी पुण्या-नागपूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवरही चालते. डीलरने स्वतःची किंवा तिसऱ्याच कंपनीची योजना गळ्यात मारली, तर क्लेमसाठी कुणाकडे जायचं इथपासून सुरुवात.

म्हणून सही करण्याआधी सेल्समनकडून दोन गोष्टी लेखी घ्या : वॉरंटी देणाऱ्या कंपनीचं नाव आणि वगळलेल्या भागांची पूर्ण यादी. यादी मिळत नसेल, तर कोटेशनमधली ती ओळ तूर्त खोडायला सांगा.