दुहेरी कामाची भिंत

भर दुपारी पत्र्याच्या छपराला हात लावला तर चटका बसतो. पत्र्याने शोषलेल्या उन्हाची उष्णता झालेली असते. सौर पॅनलचेही असेच होते. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण पाचव्या भागाचीच वीज होते. उरलेल्या बहुतेक उन्हाची उष्णता होते आणि पॅनल तापते.

यात दुहेरी नुकसान आहे. एक तर ही उष्णता वाया जाते. दुसरे म्हणजे, सिलिकॉनचे पॅनल जितके तापते, तितकी त्याची वीज घटते. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशाला ही घट साधारण ०.३ ते ०.५ टक्के असते. पॅनल ६५ अंशांपर्यंत तापले, तर १२ ते २० टक्के वीज कमी मिळते.

मग ही उष्णता काढून घेऊन कामाला लावली तर?

कॅनडातील माँट्रियल शहरात असेच केले आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात; पण श्वासासाठी ताजी हवा तर हवीच! बाहेरची गार हवा आत घेण्यापूर्वी तापवावी लागते. त्यासाठी पुष्कळ ऊर्जा खर्च होते.

तेथील कॉन्कॉर्डिया विद्यापीठाने २००९ साली एक नवी इमारत उघडली. तिच्या वरच्या मजल्यांवर, उन्हाच्या बाजूला, सुमारे ३०० चौरस मीटरची खास भिंत आहे. बारीक छिद्रे असलेल्या गडद पत्र्यावर ३८४ सौर पॅनल बसवलेली आहेत. पंखे बाहेरची हवा या छिद्रांतून आत ओढतात. वाटेत ही हवा पॅनलची आणि पत्र्याची उष्णता घेते. पॅनल थंड होते, हवा उबदार होते आणि ती इमारतीत सोडली जाते. चांगल्या उन्हात ही भिंत सुमारे २५ किलोवॅट वीज व ७५ किलोवॅट उष्णता देते. म्हणजे उष्णता विजेच्या तिप्पट!

पण छत सोडून भिंतच का निवडली? हिवाळ्यात तेथे सूर्य आकाशात खाली असतो. त्यामुळे उभ्या भिंतीवर ऊन चांगले पडते. शिवाय उभ्या पॅनलवर बर्फही साचत नाही.

आपल्याकडे उबदार हवेची एवढी गरज नाही. पण पॅनल गार ठेवण्याची गरज अधिक आहे. म्हणूनच छत आणि पॅनल यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतात. तेथून वारा खेळतो व पॅनल कमी तापते. तुमच्या परिसरात सौर पॅनल असेल, तर ही जागा जरूर पाहा. ती बंद असेल, तर वीज का घटते, हे तुम्ही आता घरच्यांना समजावून सांगू शकाल.