साडेबारानंतरचा तवा

रात्री साडेबारानंतरची पावभाजी संध्याकाळच्या पावभाजीपेक्षा चांगली असते, असं माझं ठाम मत आहे. लोक म्हणतात, तेव्हा भूक सडकून लागलेली असते म्हणून तसं वाटतं. भूक असतेच. पण खरं कारण तव्यावर आहे आणि ते बघायचं तर टेबलावर बसून चालत नाही, तव्याच्या बाजूला उभं राहावं लागतं.

ताडदेव आणि ग्रँट रोडच्या मधल्या पट्ट्यात, एका कोपऱ्यावर एक शाकाहारी हॉटेल आहे. आत इडली-डोशापासून पंजाबी भाज्यांपर्यंत सगळं मिळतं, पण रात्री दहानंतर बहुतेक टेबलांवर पावभाजीच दिसते. तवा दर्शनी भागात, फुटपाथकडे तोंड करून मांडलेला. मालकांशी जुनी ओळख, त्यामुळे गल्ला आणि तवा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ते मला उभं राहू देतात. तव्यावर उडुपीकडचे एक अण्णा असतात. हाताखाली जौनपूरचा एक मुलगा. कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि पाव ही त्याची खाती.

तवा लोखंडी, जाड, मधे किंचित खोलगट. जाळ मधोमध लागतो, कडा नुसत्या गरम राहतात. उकडून कुस्करलेला बटाटा, फ्लॉवर आणि मटार यांचा ढीग या कडेला लावून ठेवलेला असतो. ऑर्डर आली की अण्णा मधे लोणी टाकतात आणि ते पुरतं वितळायच्या आत त्यावर लाल मिरची-लसणाची चटणी. हा क्रम कधी बदलत नाही. मिरचीचा लाल रंग पाण्यात नीट सुटत नाही, स्निग्धात सुटतो. चटणी सरळ भाजीत कालवली तर तिखट लागेल, पण भाजी विटकरी दिसेल. चटणी परतली की ढोबळी मिरची, टोमॅटो, मसाला. टोमॅटोचा पार गाळ झाल्यावरच कडेचा ढीग मधे ओढायचा. बटाटा आधीच पुरता शिजलेला असावा लागतो, कारण टोमॅटोच्या आंबटपणात अर्धाकच्चा बटाटा मऊ पडत नाही, मग कितीही ठेचा. मीठ सगळ्यात शेवटी आणि तेही हात राखून, कारण अमूलचं लोणी मुळात खारं. एखाद्याने ‘मस्का मारके’ सांगितलं की अण्णा लोणी वाढवतात आणि मिठाची चिमूट कमी करतात. गिऱ्हाइकाला हे कळत नाही, फक्त भाजी बिघडत नाही.

मग स्मॅशर चालू होतो. त्याचा खणखणाट रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातो आणि त्याला अर्धी जाहिरात म्हणायलाही हरकत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा तांब्या. एकदा अण्णा मान वळवून पार्सलवाल्याशी बोलत होते. तव्यावरचा सुरसुर आवाज बदलून तडतड सुरू झाली आणि मान न फिरवता त्यांचा हात तांब्याकडे गेला. पाणी पडलं, वाफेचा लोट उठला, कलथ्याने तळाची खरपूड सुटली आणि भाजीत मिसळली. ही खरपूड करपली तर सगळा ढीग कडू. वेळेवर सुटली तर पावभाजीची खरी चव तीच.

मध्यरात्रीचं रहस्य इथे आहे. प्रत्येक ऑर्डरनंतर तव्यावर थोडी भाजी उरते, ती पुन्हा कडेच्या ढिगात जाते. वरून ताजा बटाटा पडतो, खालून जुनी भाजी येत राहते. संध्याकाळी सातला तुम्ही खाता तेव्हा बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो वेगवेगळे ओळखता येतात, टोमॅटोचा थोडा कच्चा वासही येतो. पाच-सहा तास पाणी, लोणी आणि ठेचणं चालू राहिल्यावर भाज्यांची वेगळी ओळख संपते. आंबटपणा मुरतो, खरपूस वास सगळ्या ढिगात उतरतो. घरी कुकरला लावून केलेली पावभाजी चांगली होते, पण अशी होत नाही. तिला पुरेसा वेळ मिळालेला नसतो.

पावाची गोष्ट वेगळ्या रस्त्यावर चाललेली असते. रात्रीच्या पावाच्या लाद्या संध्याकाळी बेकरीतून येतात. अगदी ताजा, गरम पाव अण्णांना नको असतो. तो चिरताना दबतो आणि लोणी लावून तव्यावर टाकला की चिकट होतो. थोडा वेळ बसलेला पाव चिरून भाजला की दोन्ही बाजू कडक होतात आणि आत मऊ राहतो. मुंबईच्या कितीतरी बेकऱ्या पिढ्यानपिढ्या लाकडाच्या भट्टीवर चालल्या. धुरामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितल्या. शहराच्या हवेसाठी ते योग्यच आहे. पण गॅस किंवा विजेची भट्टी बसवायचा खर्च छोट्या बेकरीवाल्याला परवडेल, अशी सोय कुणीतरी करायला हवी, नाहीतर पाव महागेल आणि पहिला फटका दोन वडापावांवर दिवस काढणाऱ्या माणसाला बसेल.

रात्र चढते तशी गिऱ्हाइकं बदलतात. दहाच्या सुमाराला घरची मंडळी, लहान मुलं, चीझ पावभाजी. अकरानंतर नायर आणि भाटिया रुग्णालयांकडून येणारी माणसं. पाळी संपलेल्या नर्सेस गप्पा मारत जेवतात. रुग्णाचे नातेवाईक मात्र लगेच ओळखू येतात, त्यांचा फोन ताटाशेजारी उताणा ठेवलेला असतो. मुंबई सेंट्रलला उशिराच्या एस. टी.ने उतरलेले लोक बॅगा पायांत घेऊन बसतात. साडेबारानंतर टॅक्सीवाले, लग्नाच्या हॉलमधले वाढपी, नाटकाचं सामान टेंपोत चढवून आलेले बॅकस्टेजवाले. चौघांच्या टेबलावर अनोळखी चौघं बसतात आणि कांद्याची वाटी न विचारता एकमेकांकडे सरकवतात. ताडदेवच्याच ‘सरदार’ या पावभाजीच्या हॉटेलसमोर रात्री लागणारी रांग सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. आमच्या कोपऱ्यावर तेवढी गर्दी नाही, म्हणून मला इथे जास्त बघायला मिळतं.

कडेला एक छोटा तवा वेगळा असतो, जैन पावभाजीचा. त्यात कांदा-लसूण नाही आणि बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं. त्याचा कलथा, स्मॅशर, चटणीचं भांडं सगळं वेगळं. घाईच्या वेळी जौनपूरच्या त्या मुलाने मोठ्या तव्याचा कलथा नुसता त्या बाजूला नेला, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “अरे, ते लोक आपल्यावर विश्वास ठेवून खातात.” केळ्याची भाजी बटाट्यापेक्षा लवकर घट्ट होते, तिला पाणी जास्त लागतं आणि ती खूप वेळ ठेवता येत नाही. म्हणून ती दर वेळी नव्याने करतात. मी म्हटलं ते मध्यरात्रीचं मुरणं तिच्या वाट्याला येत नाही. पण ताजी, हलकी म्हणून तिची वेगळी गोडी आहे.

या भागाला रात्री जेवायची सवय फार जुनी आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली कापड गिरणी काढली ती ताडदेवलाच आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढे गिरणगाव वाढला, पाळ्या सुरू झाल्या. एकट्याने राहणारे कामगार खानावळीत महिन्याच्या हिशेबावर जेवत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पण खानावळीच्या वेळा ठरलेल्या असत. अवेळी सुटणाऱ्याला रस्त्यावरच पोटभरीचं, गरम आणि स्वस्त काहीतरी लागायचं. पावभाजी त्या गरजेतून आली असं सांगतात आणि तव्यासमोर उभं राहिलं की ते पटतं: पाच मिनिटांत तयार होते, उभ्याने खाता येते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्याच नाहीत. रात्रपाळी मात्र शहरातून गेली नाही. ती रुग्णालयांत, कॉल सेंटरांत, विमानतळावर, मेट्रोच्या खोदकामावर गेली आणि हॉटेलांच्या आतही आहेच.

या आतल्या रात्रपाळीबद्दल आपण फार कमी बोलतो. पूर्वी उडुपी हॉटेलांतली कितीतरी पोरं दिवसा टेबलं पुसून मुंबईतल्या कन्नड रात्रशाळांत शिकली. हॉटेल रात्री उशिरापर्यंत चालतं तिथल्या मुलाला रात्रशाळाही उरत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेलांना चोवीस तास उघडं राहायची वाट मोकळी केली. त्याच कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट मोबदलाही आहे. पहिल्या अर्ध्याचा गाजावाजा झाला. दुसरा अर्धा किती ठिकाणी पाळला जातो, हे रात्री एक वाजता भांडी घासणाऱ्याला विचारावं.

मी अण्णांना विचारलं, रात्रीच्या कामात सगळ्यात कठीण काय? मला वाटलं, तव्याची धग किंवा उभं राहून दुखणारे पाय म्हणतील. ते म्हणाले, “दिवसा झोपायचं. बाकी सगळं जमतं.” दीडला ऑर्डर बंद होते, तवा खरवडून, गरम पाण्याने धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवायला अर्धा तास जातो. मग सगळे एका टेबलावर सांबार-भात आणि ताक घेतात. पावभाजीला कुणी हात लावत नाही. झोपायला तीन वाजतात आणि सकाळी सातपासून चाळीत नळ, कुकर, शाळेची पोरं. झोप पुरी झाली नाही की तव्यावर हात भाजतो, सुरीने बोट कापतं. अण्णांच्या मनगटावरचे जुने डाग अशाच अपुऱ्या झोपेचे.

म्हणून इथल्या मालकांनी मागच्या गल्लीत पोरांसाठी झोपायला एक खोली घेतली आहे. खिडकीला जाड पडदा, दोन पंखे आणि दुपारी बारापर्यंत तिथे दार वाजवायचं नाही असा नियम. खोलीचं भाडं हॉटेलच्या खर्चात धरतात, पगारातून कापत नाहीत.