नाळेच्या वाटेने हृदयापर्यंत

नाळ कापली की तिचं काम संपलं, असं आपण धरून चालतो. अपुऱ्या दिवसांच्या, किलोभर वजनाच्या बाळाच्या बाबतीत ते संपत नाही. त्याच्या हाताची शीर सापडता सापडत नाही. पण नाळेच्या कापलेल्या टोकावर तीन तोंडं स्पष्ट दिसतात. दोन धमन्या, जाड भिंतीच्या आणि आक्रसलेल्या. एक शीर, पातळ आणि आ वासलेली. या शिरेतून सव्वा मिलिमीटर जाडीची नळी आत सरकवतात. यकृतातल्या 'डक्टस व्हेनोसस' या चोरवाटेने ती हृदयाच्या तोंडाशी पोचते. ही वाट गर्भातली, जन्मानंतर काही दिवसांत बुजणारी.

पण यकृतात शिरेला फाटे फुटतात. नळी भलत्या फाट्यात शिरली, तर तिच्यातून चढवलेलं साखर-प्रथिनांचं द्रावण यकृतातच झिरपतं, कधी गुठळी धरते. एक्स-रेत नळी दिसते, शीर दिसत नाही. मग मणके मोजायचे आणि छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याशी टोक आहे, म्हणजे ठीक असावं, असा अंदाज बांधायचा. सोनोग्राफीत हा अंदाज उरत नाही. बाळाचं यकृत मोठं, त्वचेपासून शिरेपर्यंतचं अंतर अगदी थोडं. नळीच्या दोन चकचकीत समांतर रेघा आणि भोवतालची शीर एकत्र दिसतात. शंका आली तर थोडं सलाईन सोडतात. त्यातले सूक्ष्म बुडबुडे पांढरे चमकत जिथे उमटतात, तिथे टोक!

सर्वांत धास्तीचं म्हणजे सोनोग्राफीत हृदयाभोवती दिसणारा काळा पट्टा. नळीच्या टोकाने हृदयाची पातळ भिंत दुखावली की आवरणात द्रव साचतो आणि ठोके मंदावतात. सुईने तो ओढला, तर बरेचदा चढवलेलं पोषणद्रव्यच बाहेर येतं. त्यात स्निग्धांश असला तर चक्क दुधाळ. वेळेत सापडलं तर हृदय लगेच सावरतं.

पोटातला वायू आड आला की सोनोग्राफीही अडते आणि हात सरावाचा लागतो. (आपल्याकडे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे या यंत्राची नोंदणीही करावी लागते.) तरी सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करायला हवी, कारण नाळ वाळून आक्रसते तशी नळी आत सरकते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं गर्भातलं भोकही अजून पुरतं मिटलेलं नसतं. त्यातून टोक डाव्या कप्प्यात जाऊ शकतं. अशी नळी मागे ओढता येते. जंतुसंसर्गाच्या भीतीने पुढे मात्र ढकलत नाहीत.