डेफ जॅम हॉस्टेलच्या खोलीत मोठी झाली नाही

रॅप करणाऱ्या पोरांशी गप्पा सुरू झाल्या की एक गोष्ट हमखास निघते. इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती मला पाठ झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. हॉस्टेलच्या खोलीत बसून त्यानं रेकॉर्ड कंपनी काढली. खिशात दमडी नव्हती, पाठीशी कोणी नव्हतं, मोठ्या कंपन्यांच्या दारात तो गेलाही नाही. नुसत्या गाण्यांच्या जोरावर पंधरा वर्षांत त्या खोलीचं कोट्यवधी डॉलरचं साम्राज्य झालं. गोष्ट संपते आणि मागोमाग तात्पर्य येतं : ‘म्हणजे आपल्यालाही कोणाची गरज नाही.’

ही गोष्ट डेफ जॅम रेकॉर्डिंग्ज या कंपनीची. तिच्यातली खोली खरी आहे, मुलगा खरा आहे, गाणीही खरी आहेत. तात्पर्य मात्र साफ चुकीचं आहे. ते तसंच चालू द्यावं असं मला वाटत नाही, कारण ‘टॅलेंट असलं की बाकीचं आपोआप होतं’ असं मानणारी मुलंच वीस पानांच्या करारावर न वाचता सही करतात. अशा सह्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा एकदा नीट सांगतो.

गैरसमज पहिला आणि सर्वांत मोठा : डेफ जॅम कोणाच्याही मदतीशिवाय उभी राहिली

आधी यातलं खरं काय ते पाहू. लाँग आयलंडच्या सुखवस्तू घरातला रिक रुबिन न्यूयॉर्क विद्यापीठात शिकत होता आणि वाइनस्टीन हॉल या वसतिगृहात राहत होता. 1984 मध्ये त्यानं टी ला रॉक आणि जॅझी जे यांची ‘इट्स युअर्स’ ही रेकॉर्ड केली. तिच्यावर डेफ जॅमचं चिन्ह होतं आणि पत्ता छापला होता तो थेट वसतिगृहाचा : 5, युनिव्हर्सिटी प्लेस. त्या पत्त्यावर होतकरू पोरांच्या कॅसेट यायला लागल्या आणि खोलीत त्यांचा ढीग साचला. बीस्टी बॉइज या गटातला अॅडम होरोविट्झ त्या खोलीत पडीक असायचा. ढीग उपसताना त्याला क्वीन्समधल्या 16 वर्षांच्या एका मुलाची कॅसेट सापडली. तो मुलगा म्हणजे एलएल कूल जे. त्याची ‘आय नीड अ बीट’ ही रेकॉर्ड 1984 मध्येच निघाली आणि तिच्यावर डेफ जॅमचा 1 हा क्रमांक पडला.

इथपर्यंत सगळं गोष्टीसारखंच आहे. पण गोष्ट सांगणारे काय काय गाळतात ते बघा.

‘इट्स युअर्स’ दुकानांपर्यंत पोचली ती स्ट्रीटवाइज या दुसऱ्या कंपनीच्या पार्टीटाइम या शाखेमार्फत. म्हणजे पहिल्याच रॅप रेकॉर्डला दुसऱ्याचं जाळं वापरावं लागलं. रुबिनला सुरुवातीचे पैसे घरून मिळाले. पाच हजार डॉलरचा तो उल्लेख डेफ जॅमच्या इतिहासात वारंवार येतो. आणि रुबिनचा भागीदार रसेल सिमन्स काही नवखा नव्हता. क्वीन्समधल्या हॉलिसचा सिमन्स तोवर कित्येक वर्षं पार्ट्यांचे कार्यक्रम लावत होता, कलाकारांचं व्यवस्थापन करत होता. त्याचा कलाकार कर्टिस ब्लो 1979 मध्येच मर्क्युरी या बड्या कंपनीकडे गेला होता. सख्खा भाऊ जोसेफ रन-डीएमसीमध्ये गात होता आणि त्या गटाचंही काम सिमन्सच बघत होता. रेडिओवर कोणाला फोन करायचा, क्लबात कोणती रेकॉर्ड वाजते, कंपन्यांत सही कोण करतो, हे सगळं त्याला माहीत होतं. याला ‘पाठीशी कोणी नाही’ म्हणायचं?

आता मुख्य मुद्दा : पैसा फिरतो कसा. रेकॉर्डच्या धंद्यात छोट्या कंपनीचा जीव गाणं पडल्यानं जातो, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात गाणं चालल्यानंही तो जातो. तबकड्या दाबून देणारा कारखाना नव्या गिऱ्हाइकाकडे पैसे आधी मागतो. वितरक माल उधारीवर उचलतो, महिनोन्महिन्यांनी पैसे देतो आणि न खपलेला माल परत करतो. गाणं गाजलं की दुकानं म्हणतात, आणखी दहा हजार पाठवा. ते दहा हजार दाबायला पैसे आज लागतात, आणि आधीच्या मालाचे पैसे अजून वितरकाकडेच अडकलेले असतात. मागणी जितकी मोठी, तितका खड्डा खोल. भाजीच्या घाऊक बाजारात किंवा कापडाच्या धंद्यात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

1985 मध्ये आलेला ‘क्रश ग्रूव्ह’ हा चित्रपट डेफ जॅमच्याच गोष्टीवर रचलेला होता आणि रुबिननं त्यात स्वतःचीच भूमिका केली. हा पेच त्यात अगदी बरोबर दाखवला आहे : रेकॉर्ड चालते, तबकड्या दाबायला पैसे नसतात आणि नायक सावकाराच्या तावडीत सापडतो. प्रत्यक्षात सुटकेचा मार्ग वेगळा निघाला. त्याच 1985 मध्ये डेफ जॅमनं सीबीएसच्या मालकीच्या कोलंबिया रेकॉर्ड्सशी करार केला. रक्कम होती 6 लाख डॉलर. दाबणं, गोदाम, ट्रक, दुकानांची बिलं, वसुली हे सगळं कोलंबियाकडे गेलं. कलाकार शोधणं आणि रेकॉर्ड करणं डेफ जॅमकडे राहिलं.

फळ लगेच दिसलं. एलएल कूल जेचा ‘रेडिओ’ त्याच वर्षी आला. बीस्टी बॉइजचा ‘लायसन्स्ड टू इल’ नोव्हेंबर 1986 मध्ये आला आणि 1987 च्या मार्चमध्ये बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. तिथं पोचलेला तो पहिला रॅप अल्बम. गावोगावच्या मॉलमधल्या दुकानात तो एकाच वेळी उपलब्ध होता म्हणून हे घडलं, आणि तो तिथं पोचला कोलंबियाच्या गोदामांतून.

ज्याच्या गोदामातून माल जातो, त्याला ‘नाही’ म्हणायचाही हक्क असतो. 1986 मध्येच रुबिननं स्लेअर या मेटल बँडचा ‘रेन इन ब्लड’ डेफ जॅमवर काढला. त्यातलं पहिलं गाणं नाझी डॉक्टर मेंगेलेवर होतं. कोलंबियानं तो अल्बम वितरित करायला नकार दिला आणि शेवटी गेफेन या दुसऱ्या कंपनीनं तो बाजारात आणला. ज्या कंपनीला आपलाच अल्बम दुकानात पाठवता येत नाही, तिला पूर्ण स्वतंत्र कसं म्हणायचं?

पुढचा हिशेबही ऐका. रॉयल्टीवरून भांडण होऊन बीस्टी बॉइज कॅपिटल या कंपनीकडे गेले आणि त्यांचा पुढचा अल्बम 1989 मध्ये तिथून निघाला. ज्याच्या खोलीची गोष्ट सांगितली जाते तो रुबिन 1988 मध्येच कंपनी सोडून गेला आणि त्यानं डेफ अमेरिकन काढली. कोलंबिया तोवर सोनीच्या ताब्यात आली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डेफ जॅम त्याच सोनीच्या कर्जात अडकली. 1994 मध्ये पॉलिग्रॅम या कंपनीनं निम्मा वाटा घेतला. त्याची किंमत होती 3 कोटी 30 लाख डॉलर. त्याच उन्हाळ्यात वॉरन जीचा ‘रेग्युलेट... जी फंक इरा’ खपला आणि कंपनीनं श्वास घेतला. 1998 मध्ये डीएमएक्सचे दोन अल्बम एकाच वर्षात थेट पहिल्या क्रमांकावर उतरले, जे-झीचा ‘हार्ड नॉक लाइफ’ही त्याच वर्षीचा. त्याच सुमारास दारूच्या धंद्यातून वर आलेल्या सीग्रॅम या कॅनडाच्या कंपनीनं पॉलिग्रॅम विकत घेऊन आपल्या युनिव्हर्सलमध्ये मिसळली. सिमन्स आणि त्याचा नंतरचा भागीदार ल्योर कोहेन यांच्याकडचा उरलेला वाटा युनिव्हर्सलनं 1999 मध्ये घेतला, 10 कोटी डॉलरच्या पुढची किंमत मोजून.

म्हणजे ज्या आकड्यानं ही गोष्ट संपवली जाते, तो विक्रीचा आकडा आहे. तो आला तेव्हा खोली सुटून बरीच वर्षं झाली होती, पहिला भागीदार अकरा वर्षांपूर्वी गेला होता आणि कंपनीच्या मागे एकामागून एक तीन बलाढ्य कंपन्यांचा पैसा लागून गेला होता. कोणाला शंका असेल तर डॅन चार्नस यांचं ‘द बिग पेबॅक’ वाचावं. हिप-हॉपच्या अर्थकारणावरचं ते जाडजूड पुस्तक आहे, आणि त्यात यमकांपेक्षा करारांचीच चर्चा जास्त आहे.

यामुळे त्या दोघांचं कर्तृत्व कमी होत नाही. रुबिनचा कान आणि सिमन्सची धंद्याची नजर नसती तर कोलंबियानं सही कशावर केली असती? माझं म्हणणं इतकंच की कान आणि नजर यांना गोदामाची जोड लागली, आणि गोदामवाल्यानं त्याची किंमत वसूल केली.

गैरसमज दुसरा : अॅडव्हान्स म्हणजे बक्षीस

पहिल्या गैरसमजाचं हे धाकटं भावंड, पण घातक. ‘लेबलनं दहा लाख दिले’ म्हणून पेढे वाटले जातात. अॅडव्हान्स म्हणजे कलाकाराच्या भावी कमाईतून वळती करून घ्यायची उचल. ऊसतोड कामगार जिला उचल म्हणतात तीच. फरक एवढाच की गाणं पडलं तर कंपनी सहसा ती परत मागत नाही.

समजा 10 लाख अॅडव्हान्स मिळाला. रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ यांचा 5 लाख खर्च करारानुसार कलाकाराच्याच खात्यावर टाकला. म्हणजे वसूल करायचे झाले 15 लाख. रॉयल्टी ठरली 20 टक्के. गाण्याच्या दर 100 रुपयांतले 20 कलाकाराच्या खात्यावर जमा होतात आणि वसुलीही त्या 20 मधूनच होते. 15 लाख फिटायला कंपनीकडे 75 लाख यावे लागतात. तोवर कलाकाराच्या हातात अॅडव्हान्सनंतर एक रुपयाही पडत नाही. आणि सगळं फिटल्यावरही मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, बहुतेक करारांत कंपनीकडेच राहते. घराचं कर्ज फेडलं आणि घर बँकेचंच राहिलं, असा हा व्यवहार. अमेरिकी ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी 1993 मध्ये एका लेखात बँडच्या कराराचं असंच गणित ओळीनं मांडून दाखवलं होतं. तीसहून जास्त वर्षं झाली, तरी तो लेख आजही एकमेकांना पाठवला जातो.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*रन-डीएमसी डेफ जॅमचे कलाकार होते.* नाही. त्यांच्या रेकॉर्ड प्रोफाइल रेकॉर्ड्सनं काढल्या. व्यवस्थापन सिमन्सचं होतं, 1986 च्या ‘रेझिंग हेल’च्या निर्मितीत रुबिन होता आणि ‘क्रश ग्रूव्ह’मध्ये सगळे एकत्र दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

*रॅपचा धंदा डेफ जॅमनं सुरू केला.* त्याआधी पाच वर्षं, 1979 मध्ये, न्यू जर्सीतल्या शुगर हिल रेकॉर्ड्सनं ‘रॅपर्स डिलाइट’ देशभर विकलं होतं. ती कंपनी चालवत होती सिल्व्हिया रॉबिन्सन, एक गायिका आणि निर्माती. या इतिहासातून तिचं नाव गाळणं हा अन्याय आहे.

*रेकॉर्ड कंपन्यांनी हिप-हॉप जन्माला घातलं.* डीजे कूल हर्कची ब्राँक्समधली ज्या पार्टीपासून हिप-हॉपची सुरुवात मानतात, ती 11 ऑगस्ट 1973 ची. पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डच्या आधी सहा वर्षं हे संगीत गल्लीत आणि उद्यानांत वाजत होतं.

*जे-झी डेफ जॅमचा मालक होता.* तो 2005 ते 2007 या काळात अध्यक्ष होता. मालक युनिव्हर्सल.

*डेफ जॅमवर फक्त रॅप निघतं.* स्लेअरचा उल्लेख वर आलाच. रिहानाचा 2005 चा पहिला अल्बमही डेफ जॅमचाच.

*यशस्वी संस्थापक म्हणजे आदर्श माणूस.* 2017 पासून अनेक महिलांनी सिमन्सवर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले आहेत. त्यानं ते नाकारले आहेत. कंपनीचा इतिहास सांगताना हे पान फाडून टाकता येत नाही.

*मुंबईचं गल्ली रॅप तरी कंपन्यांशिवाय वर आलं.* पोरं गल्लीतून आली, हे खरं. पण डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ 2015 मध्ये सोनी म्युझिकनं काढलं. आणि 2022 मध्ये सुरू झालेली डेफ जॅम इंडिया ही युनिव्हर्सल म्युझिक इंडियाची शाखा आहे.

सही करण्याआधी

कंपनीकडे जाऊच नका, असं मी कोणालाही सांगणार नाही. डेफ जॅमचा इतिहास तसं सांगत नाही. तीन प्रश्न मात्र लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारा. मास्टर कोणाचा आणि किती वर्षं? माझ्या खात्यावर कोणकोणता खर्च पडणार? हिशेब कधी मिळणार आणि तो तपासून घ्यायचा हक्क मला आहे का? मराठीत समजावून सांगणारा वकील शोधा. त्याची फी स्टुडिओच्या एका दिवसाच्या भाड्याइतकीच महत्त्वाची समजा.

रुबिन आणि सिमन्स यांनीही 1985 मध्ये सहीच केली. फक्त त्या टेबलाशी बसले तेव्हा त्यांच्याकडे खपलेल्या रेकॉर्ड होत्या, आणि कागदावर काय लिहिलं आहे हे त्यांना वाचता येत होतं.