जाते थांबले, ओवी थांबू नये

खंडाळ्याच्या बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. त्याने इंग्रजांना घाटातून वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि छातीवर गोळी झेलली, अशी कथा सांगतात. आम्हां इथल्या माणसांना ती पुस्तकातून कळली नाही. देवळापाशी गाडी हळू होते, ड्रायव्हर नाणे टाकतो, शेजारी बसलेले पोर ‘का?’ म्हणून विचारते आणि कथा पुढच्या पिढीकडे जाते. तोंडी परंपरेला अशी एखादी कृती लागते. कृती सुटली की शब्दही सुटतात.

जात्यावरच्या ओवीचे नेमके हेच झाले. ओवी फार जुनी. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद ११२९ सालच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १२९० मध्ये आली. म्हणजे ओवी ग्रंथात जाण्याआधी बायकांच्या तोंडी होती.

पहाटे दोघी समोरासमोर बसत, एक हात खुंट्याला आणि दुसऱ्या हाताने वैरण घालायची. जाते फिरले की ओळ फिरे. एकीने सुरू केलेली ओवी दुसरी उचलून धरी. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, माहेर, भाऊ हे सारे ओवीत येई आणि सासूसमोर बोलता न येणारे दुःखही येई. ओवी जुन्या विषयांवर अडून बसली नाही. बाबासाहेब आंबेडकरांवरही बायकांनी ओव्या रचल्या. माझी दादी घरात दखनी बोलायची, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठी ओवीच यायची. तिच्या ओवीत पीरही असे आणि विठोबाही. दोघांना एकाच ओळीत बसवताना तिला कधी अडचण वाटली नाही.

पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बाईचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. त्या कष्टांचे गोडवे सुखवस्तू माणसाने गाऊ नयेत. पण जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी मुकी झाली. म्हाताऱ्या बायका सांगतात, नुसती म्हण म्हटले तर ओवी आठवत नाही; हात फिरू लागला की आपोआप येते.

हे ओळखून गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर १९८० च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. या कामात गावातल्या बायकाच कार्यकर्त्या होत्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या. पुष्कळशा ओव्या गाणारीच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणारीच्या नावागावासह प्रसिद्ध होऊ लागल्या. ओवीला नाव मिळाले, ही मला मोठी गोष्ट वाटते. आम्ही कवी दोन ओळींखाली सही करतो. या बायकांनी आयुष्यभर रचून कुठे सही केली नव्हती.

दूरच्या अमेरिकेतही असेच घडले आहे. विस्कॉन्सिनमधल्या ओनायडा या मूळ रहिवाशांनी मंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेखाली १९३८ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात, आपल्याच वडीलधाऱ्यांच्या गोष्टी आपल्या भाषेत लिहून काढल्या. ते लेखन पुढे नव्या पिढीला भाषा शिकवायला उपयोगी पडले. संग्रह हे बियाणे आहे, ते कोठीत सांभाळावेच. पण पेरले नाही तर पीक कसे येणार?

पेरायला जागा अजून आहे. लग्नाची हळद दळताना आजही अनेक घरांत जाते पुजले जाते आणि एखादी आजी सूर लावते. तिथे डीजेवाल्याला अर्धा तास थांबवावे. आजीला विचारून मोबाइलवर तिचा आवाज घ्यावा, तिचे नाव-गाव लिहावे, अवघड शब्दाचा अर्थ तिलाच विचारावा. मग नातीला खुंट्याला हात लावायला सांगावे आणि दुसरी ओवी तिच्याकडून म्हणवून घ्यावी. आजीचा आवाज यंत्रात राहील. ओवी मात्र नातीच्या तोंडीच राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)